आवाज फाटतो तेव्हा

मुलांनो, २० वॅटचा ॲम्प्लिफायर ६० वॅटच्या स्पीकरला जाळू शकेल का? साध्या हिशेबाने पाहिले तर शकणार नाही. जो हमाल ६० किलोचे पोते सहज उचलतो, त्याच्या डोक्यावर २० किलोचे पोते ठेवले तर त्याचे काय बिघडणार?

पण आमच्या मोहल्ल्यात हे घडले. एका घरी लग्न होते. मेंदीच्या संध्याकाळी मुलांनी घरातला स्टिरिओ उचलून गच्चीवर नेला. घरच्या मोठ्या भावाने सौदीत नोकरी करून, पैसे साठवून तो आणला होता. त्याची आई त्यावर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल घालून ठेवी. गच्चीवर पन्नास-साठ माणसे जमली. आवाज पुरेना. मग कोणी ना कोणी येऊन बटण थोडे थोडे पुढे फिरवू लागले. तासाभराने गाण्यातली झांज नाहीशी झाली. गाणे चालूच होते, पण जणू कोणी स्पीकरवर गोधडी टाकली होती.

दुसऱ्या दिवशी स्पीकर दुरुस्तीला गेले. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांनी खोकी उघडली. दोन्ही ट्वीटर जळालेले होते.

"उस्ताद, ॲम्प्लिफायर २० वॅटचा, स्पीकर ६० वॅटचे. मग जळाले कसे?" मोठ्या भावाने विचारले.

"२० वॅटचाच होता, म्हणून जळाले," उस्ताद म्हणाले.

हे उत्तर कोड्यासारखे वाटते. ते सोडवायचे असेल तर आधी स्पीकरच्या आत डोकावले पाहिजे.

जुन्या, बिघडलेल्या रेडिओचा स्पीकर मिळाला तर तो हातात घेऊन पाहा. पुढे कागदाचा शंकूसारखा पडदा असतो. मागे एक जड, गोल लोहचुंबक असतो. पडद्याच्या मधोमध, चुंबकाच्या बारीक फटीत, तांब्याच्या पातळ तारेचे वेटोळे बसवलेले असते. दुकानात त्याला कॉइल म्हणतात. दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची टोके स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर लावा. "टक" असा आवाज होईल आणि पडदा किंचित पुढे येईल. सेल उलटा करून लावला तर पडदा मागे जाईल. वेटोळ्यातून वीज वाहिली की तेही चुंबक बनते. मागचा चुंबक त्याला ढकलतो किंवा ओढतो. ॲम्प्लिफायर हेच काम करतो, पण फार वेगाने. तो विजेची दिशा सेकंदाला शेकडो, हजारो वेळा बदलतो. पडदा तितक्याच वेळा पुढेमागे होतो, हवा हलते आणि आपल्या कानाला गाणे ऐकू येते.

अशा स्पीकरची आजची रचना राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडली. त्यानंतर असा स्पीकर बाजारात आला, तेव्हा त्याच्यासोबत जो ॲम्प्लिफायर दिला होता तो फक्त १ वॅटचा होता. एवढ्यावर दिवाणखाना भरून गाणे ऐकू येई. आज खोक्यांवर शेकड्यांचे आकडे वाचणाऱ्या आपल्याला ही गोष्ट खरी वाटत नाही, पण आजही ती तितकीच खरी आहे. घरात आपण बेताच्या आवाजात गाणे ऐकतो, तेव्हा स्पीकरकडे सरासरी एका वॅटहूनही कमी शक्ती जात असते.

आता एक आश्चर्याची गोष्ट. स्पीकरमध्ये जेवढी विजेची ऊर्जा जाते, तिच्यातली किती आवाज बनत असेल? घरातल्या साध्या स्पीकरमध्ये शंभरातला एक भागसुद्धा नाही! बाकीचे नव्व्याण्णवहून अधिक भाग वेटोळ्यात उष्णता होऊन जातात. म्हणजे खरे पाहिले तर स्पीकर ही एक छोटी विजेची शेगडीच आहे, फक्त जाता जाता ती थोडे गाते. रेडिओच्या तारा जोडायला कारागीर जी सोल्डरिंगची कांडी वापरतात, ती साधारण २५ वॅटची असते आणि तिच्या टोकावर धातू वितळतो. तेवढीच शक्ती केसासारख्या पातळ तारेच्या वेटोळ्यात सतत सोडली तर काय होईल, ते सांगायला नको. आधी तारेवरचे वार्निश करपते, मग वेटोळे धरून ठेवणारा डिंक सुटतो आणि शेवटी तार तुटते. वूफर म्हणजे मोठा स्पीकर. त्याचे वेटोळे जाड आणि मोठे असते, ते तापायला वेळ लागतो. ट्वीटर म्हणजे बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर. त्याचे वेटोळे नाजूक असते. ते काही सेकंदांतच तापते.

मग ६० वॅट हा आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो पूर्ण खोक्याचा आहे, एकट्या ट्वीटरचा नाही. गाण्यात ढोलक, तबल्याचा डग्गा, बेस गिटार यांचे खर्जातले आवाज सर्वांत जास्त शक्ती खातात. झांज, घुंगरू, "स" आणि "श" यांचे उच्चार यांच्या वाट्याला फार थोडी शक्ती येते. कारखान्यात हा आकडा ठरवताना शक्तीची वाटणी अशीच धरलेली असते. घरात मोठ्यांच्या ताटात चार भाकऱ्या आणि लहानग्याच्या ताटात अर्धी, तसे हे आहे. चारही भाकऱ्या लहानग्याला खायला घातल्या तर तो आजारी पडणारच.

आता ॲम्प्लिफायरकडे वळू. ॲम्प्लिफायर आपल्या घरातून काही शक्ती निर्माण करत नाही. तो भिंतीतल्या प्लगमधून वीज घेतो आणि गाण्याच्या लहरीप्रमाणे स्पीकरला पुरवतो. मोबाइलमधून किंवा सीडीमधून आलेली लहान लहर तो मोठी करतो. पण किती मोठी? त्याच्या आतल्या वीजपुरवठ्याची एक मर्यादा असते. आपल्या गोष्टीतला २० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त सुमारे १८ व्होल्ट देऊ शकतो. गाण्याच्या लहरीने २५ व्होल्ट मागितले, तरी तो १८ वरच थांबतो. लहरीचा गोल माथा तिथे कापला जातो आणि सपाट होतो. कमी उंचीच्या दारातून उंट नेला तर त्याची मान आणि मदार घासली जावी, तसे लहरीचे होते.

माथा कापलेली लहर कानाला खरखरीत, कर्कश लागते. याला मराठीत एक नेमका शब्दप्रयोग आहे: आवाज फाटला. "आवाज" हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकच आहे. मात्र उर्दूत तो स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत पुल्लिंगी, म्हणून उर्दूत आवाज फटती है आणि मराठीत आवाज फाटतो. पेपर लिहिताना हे लक्षात ठेवा; दरवर्षी इथे गुण जातात.

आवाज फाटला की दोन गोष्टी घडतात. पहिली गणिताची आहे. शक्ती काढण्याचे सूत्र तुम्हांला माहीत आहे: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. गोल माथ्याची लहर १८ व्होल्टपर्यंत क्षणभरच पोचते आणि लगेच खाली येते, म्हणून तिची सरासरी शक्ती २० वॅट भरते. पण लहर पूर्ण सपाट झाली, तर ती सारा वेळ १८ व्होल्टवरच राहते. १८ चा वर्ग ३२४, त्याला ८ ने भागले की सुमारे ४० वॅट. पाहा, २० वॅटच्या ॲम्प्लिफायरने ४० वॅट दिले! कोणी चमत्कार केला नाही. ॲम्प्लिफायरवरचा २० हा आकडा स्वच्छ, न फाटलेल्या आवाजाचा होता, इतकेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चांगले गाणे सारखे एकाच जोराने वाजत नाही. तबल्याची थाप पडते तेव्हा शक्ती एकदम वर जाते, मग खाली येते. २० वॅटपर्यंत जाणाऱ्या थापा असलेल्या गाण्याची सरासरी शक्ती २ वॅटच्या आसपासच असते. या मधल्या विसाव्यात वेटोळे गार होते. पण बटण मर्यादेपलीकडे फिरवले की थापा आणखी उंच होऊ शकत नाहीत, कारण वर छत आहे. वाढतात ते थापांच्या मधले हळू आवाज. गायकाचा श्वास, झांज, घुंगरू, सगळे वर येऊन छताला टेकते. शिवाय लहरीचे जे नवे कोपरे तयार होतात, त्यांतून मूळ गाण्यात नसलेले उंच आवाज जन्माला येतात. हे सारे उंच आवाज कोणाच्या वाट्याला जातात? ट्वीटरच्या. ज्याच्या ताटात अर्धी भाकरी होती, त्याला आता विसावा न देता भाकरीवर भाकरी वाढली जाते. वूफर मजेत असतो, ॲम्प्लिफायरही बहुधा शाबूत राहतो आणि ट्वीटर मात्र गुपचूप जळून जातो.

उस्तादांच्या उत्तराचा अर्थ हा होता. ॲम्प्लिफायर लहान होता, म्हणून तो लवकर छताला टेकला.

पण यावरून काही लोक भलताच निष्कर्ष काढतात. "लहान ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो, म्हणून मोठाच घ्या," असे दुकानात नेहमी ऐकू येते. हे अर्धेच खरे आहे. २० वॅटचा ॲम्प्लिफायर खोलीत बेताच्या आवाजात वर्षानुवर्षे वाजवला तरी स्पीकरला काही होत नाही. उलट २०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणून बटण बेफाम फिरवले, तर आवाज न फाटताही स्पीकर जाईल, आणि या वेळी पाळी वूफरची असेल. खर्जाचा आवाज काढायला पडद्याला लांब हलावे लागते. स्वर निम्म्यावर उतरला आणि जोर तेवढाच ठेवायचा असला, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. फार शक्ती दिली की वेटोळे चुंबकाच्या फटीबाहेर पडते किंवा मागे जाऊन तळाच्या पत्र्यावर आदळते. तेव्हा "खट खट" असा कोरडा आवाज येतो. एकदा वेटोळे वाकडे झाले की ते पुन्हा सरळ होत नाही. म्हणून मी म्हणेन, ६० वॅटच्या स्पीकरला ४० वॅटचा ॲम्प्लिफायरही चालेल आणि १०० वॅटचाही. धोका त्या आकड्यापेक्षा बटणावरच्या हाताचा जास्त आहे.

बटणाबद्दलही एक गैरसमज आहे. शून्य ते दहा आकडे असले, तर पाचवर निम्मी शक्ती, असे आपण समजतो. तसे नसते. मोबाइलमधून येणारी लहर जोरकस असली तर बटण निम्म्यावर असतानाच ॲम्प्लिफायर छताला टेकतो. पुढच्या पाच आकड्यांत फक्त फाटका आवाज उरलेला असतो.

तरीही प्रश्न राहतो: घरात जे स्पीकर इतकी वर्षे टिकले, ते गच्चीवर एका संध्याकाळीच का गेले? याचे उत्तर हवेत आहे. खोलीत चार भिंती आणि छत आवाज परत पाठवतात. उघड्यावर तो परत येत नाही, पसरून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की तेवढाच आवाज ऐकू येण्यासाठी शक्ती चौपट लागते. स्पीकरपासून १ मीटरवर बसून १ वॅटमध्ये जे गाणे ऐकू येते, तेच २ मीटरवर तसेच ऐकायला ४ वॅट लागतील, ४ मीटरवर १६ आणि ८ मीटरवर ६४. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या पाहुण्यांसाठी त्या बिचाऱ्या २० वॅटच्या यंत्राकडून ६४ वॅट मागितले जात होते, आणि तेही माणसांच्या गलक्यात.

आपला कानही या कामात फसवतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटत नाही. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. शक्ती दुप्पट केल्यावर ती फक्त ३ डेसिबलने वाढते आणि कानाला जेमतेम फरक कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून २० वॅटचा ॲम्प्लिफायर विकून ४० वॅटचा आणणाऱ्याची निराशा होते. पैसे गेले, आवाज होता तेवढाच! त्यापेक्षा स्पीकरच्या मागची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर "८८ डेसिबल, १ वॅट, १ मीटर" असे काही लिहिलेले असते. याचा अर्थ, १ वॅट दिल्यावर १ मीटरवर इतका आवाज मिळतो. ८८ ऐवजी ९१ चा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर जाहिरातींचे आकडेही पाहू. काही खोक्यांवर मोठ्या अक्षरांत "१००० वॅट पीएमपीओ" असे छापलेले असते. हे यंत्र उलटे करा. मागे लहान अक्षरांत विजेचा खप लिहिलेला असतो, समजा ४० वॅट. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, हा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. मग भिंतीतून ४० वॅट घेणारे यंत्र तुम्हांला सतत १००० वॅट कुठून देणार? पीएमपीओ म्हणजे एखाद्या निमिषापुरती कागदावर काढलेली शक्ती, आणि ती काढण्याची सर्वमान्य रीतही नाही. कामाचा आकडा आरएमएस असतो, म्हणजे यंत्र सतत देऊ शकते ती शक्ती. असल्या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ साली सरकारने नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरच्या जाहिरातीत सतत मिळणारी शक्तीच सांगायला हवी. २०२४ साली हा नियम आणखी कडक केला गेला. पन्नास वर्षांनीही तो कडक करावा लागला, यावरून विकणाऱ्यांची चलाखी ओळखा.

आणखी एक प्रकार घराघरांत चालतो. आवाज वाढवायचा म्हणून एकाच जोडणीवर जास्तीचे स्पीकर लावतात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २ ओहम. रोध कमी झाला की विद्युतप्रवाह वाढतो. ॲम्प्लिफायर तापतो आणि इथे स्पीकरऐवजी तोच जळतो. त्याच्या मागे "४ ते ८ ओहम" असे लिहिलेले असते, ते शोभेसाठी नसते.

स्पीकर मरण्यापूर्वी बहुतेक वेळा इशारा देतो. "स", "श" खरखरू लागले, झांज थुंकल्यासारखी वाजू लागली की आवाज फाटतो आहे. वूफरमधून कोरडा "खट" आला की पडदा टोकाला पोचला आहे. बटण वाढवूनही आवाज वाढेना, तर वेटोळे तापले आहे, कारण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो आणि शक्ती कमी शिरते. जळकट वास आला तर बहुधा उशीर झालेला असतो. दुर्दैवाने गर्दीत, टाळ्यांत आणि हसण्यात हे इशारे कोणाला ऐकू येत नाहीत. आणि कान स्वतः तरी कुठे सुरक्षित असतो? ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन्‌तास ऐकला तर आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. ट्वीटर बाजारात नवा मिळतो, या पेशी कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. गच्चीवर गाणी लावताना शेजारच्या आजारी माणसासाठी हे आकडे माहीत असलेले बरे.

तुमच्या घरी एखादा स्पीकर गप्प झाला असेल तर टाकून देण्यापूर्वी तपासून पाहा. आधी तारा काढा. मल्टिमीटरने रोध मोजा. ८ ओहमच्या चांगल्या स्पीकरचा रोध ६ ते ७ ओहम दिसतो. काटा हललाच नाही किंवा आकडा आला नाही, तर तार तुटली आहे. रोध बरोबर असेल तर वूफरच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना बोटे सारखी ठेवून तो अगदी हळू आत दाबा आणि कान जवळ न्या. पडदा निमूटपणे आत-बाहेर झाला तर वेटोळे सरळ आहे. खरखर ऐकू आली तर ते फटीत घासते आहे. अनेक ठिकाणी कारागीर जुन्याच सांगाड्यात नवा पडदा आणि नवे वेटोळे बसवून देतात, त्यामुळे पूर्ण स्पीकर बदलावा लागत नाही. ट्वीटरला मात्र बोट लावू नका. त्याचा घुमट पातळ रेशमाचा किंवा धातूच्या पत्र्याचा असतो आणि एकदा आत दबला की बहुधा पूर्वीसारखा वर येत नाही.